म्हाळूचा ळ

रुद्राणीचा राग आधी कानांत चढायचा. कानाच्या पाळ्या लालबुंद व्हायच्या आणि मग आवाज सुटायचा. तिचा नवरा सोमेश्वर लग्नाच्या पहिल्याच वर्षात हे शिकला होता. पाळ्या लाल दिसल्या की तो ‘चहा सांगून येतो’ म्हणायचा आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा. बीडच्या कोर्टामागच्या गल्लीत त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. तिथल्या वकिलांपासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांनी कधी ना कधी त्या आवाजाचा प्रसाद खाल्लेला होता. पण तिचं ज्यांच्याशी पटत नव्हतं तेसुद्धा एक गोष्ट कबूल करायचे, की बाई उगाच भांडत नाही.

माहेर दिंद्रुडचं. वडील शिवलिंगअप्पा यांचं तिथं किराणा दुकान. ती लहान असताना एकदा अप्पांची खोबऱ्याची पोती पार नाशिककडं दिंडोरीला जाऊन पडली, कारण ट्रान्सपोर्टवाल्यानं पोत्यावर गावाचं नाव चुकीचं लिहिलं होतं. दिवाळी झाल्यावर पोती परत आली तेव्हा खोबरं खवट झालेलं. ‘एखादं अक्षर इकडं-तिकडं व्हतंच की अप्पा,’ असं तो ट्रान्सपोर्टवाला हसत म्हणाला, आणि अप्पांसारखा पोक्त माणूसही त्याच्याबरोबर हसला. अप्पा हसले कशाला, हे काही पोरीला कळलं नाही. ती घरात जाऊन उशीत तोंड घालून रडली होती. दुःखानं नव्हे, संतापानं.

लग्न होऊन बीडला आली तेव्हा दुकानात टाइपरायटर खडखडत होते. सोमेश्वर हाडाचा टायपिस्ट. मजकुरावर नजर, बोटं आपली चालतायत, कागदाकडं बघायचं नावच नाही. मग ते खुल्या अर्थव्यवस्थेचं वारं सुटलं. पुढाऱ्यांच्या पोरांनी एजन्स्या घेतल्या. कुणी रंगीत टीव्हीची, कुणी थंड पेयाची. विठ्ठलरावांकडं शेतीवाडी होती, पेट्रोलपंप होता, जिल्ह्यात शब्द होता. त्यांच्या विजयसिंहानं जालना रोडला कॉम्प्युटरची एजन्सी टाकली. सोमेश्वरनं त्याच्याकडूनच एक मशीन घेतलं आणि त्यावर मराठी टाइप करायला ‘वर्णमेघ’ नावाचा प्रोग्राम. कंपनी दिल्लीकडची.

मशीन चालू केलं की काळा पडदा यायचा आणि डाव्या कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकत बसायची. पुढं काय करायचं ते आपणच अक्षरं टाइप करून सांगायचं. सोमेश्वरला त्या काळ्या पडद्याची धास्ती वाटायची. रुद्राणी मात्र त्याच्यासमोर बसली, आणि पहिल्याच दिवशी तिचं त्याच्याशी वाजलं. हुकूम चुकला की मशीन ‘बॅड कमांड’ असं उत्तर द्यायचं.

“बॅड म्हनतंय मला! ह्याच्या बापाचं खाते का मी?”

“अगं, ते तुला न्हाई म्हनत. हुकमाला म्हनतंय,” सोमेश्वर समजूत घालायचा.

“हुकूम कुनी दिला? म्या दिला न्हवं?”

पण त्याच भांडणातून ती शिकली. फायली कुठं ठेवायच्या, त्यांची नक्कल कशी काढायची, प्रोग्राम फ्लॉपीवरून कसा बसवायचा, नको असलेला कसा काढायचा. ते काम तिला आवडायलाही लागलं. हे यंत्र तोंडावर नाही म्हणतं, मागून बोलत नाही, असं ती शेजारणीला सांगायची.

त्या वर्षी चैत्रात ती भाच्याच्या लग्नासाठी दिंद्रुडला गेली. परत आली तर पडद्याचा रंगच बदललेला. काळ्याच्या जागी निळा, वर पिवळ्या चौकटी, मध्ये कंपनीचं नाव झळकतंय.

“हे कुनी केलं?”

“एजन्सीचा धुमाळ आलता,” सोमेश्वर म्हणाला. “नवी आवृत्ती हाय म्हनला. सगळ्या गिऱ्हाइकांकडं टाकायलेत. फुकट.”

“मला इचारलं?”

“तू हितं नव्हती. अन् फुकट होतं गं.”

तिच्या पाळ्या थोड्या गरम झाल्या, पण लग्नाचा शीण होता. तिनं विषय सोडून दिला. तो सोडायला नको होता, असं ती पुढं कितीतरी वेळा बोलून दाखवायची.

दोनच दिवसांनी दुपारी भिवराबाई आली. नाळवंडीची म्हातारी. नवरा माघात वारला होता. जमिनीवर वारस म्हणून नाव लावायचं होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र टाइप करून नेलं होतं. रुद्राणी लग्नाला गेलेली असताना सोमेश्वरनंच ते टाइप केलं होतं. म्हातारी दुकानाच्या पायरीवर बसली आणि हातातला कागद तिनं रुद्राणीच्या पायाशी टाकला.

“बाय, माझ्या मालकाचं नाव कावून बदललं तुमी?”

रुद्राणीनं कागद उचलला. ‘मयत म्हालू’ असं त्यावर छापलेलं होतं. खाली ‘राहणार नालवंडी’. जमिनीच्या उताऱ्यावर मात्र नाव म्हाळू होतं.

“काय म्हनले कचेरीत?”

भिवराबाईनं पदर तोंडाला लावला. मग तुटक तुटक सांगायला लागली. तिथल्या कारकुनानं कागद बघून शेजारच्याला हाक मारली होती. ‘मावशी, उताऱ्यावर म्हाळू अन् कागदावर म्हालू. हा म्हालू कोन? दुसरा केला का काय?’ सगळी कचेरी हसली. आणि मग तो म्हणाला, तुमच्या तोंडानं सांगा, नवऱ्याचं नाव काय.

“जल्मात न्हाई घेतलं गं त्येंचं नाव,” भिवराबाई म्हणाली. “लग्नात उखाण्यातबी न्हाई घेतलं, लाजले म्हनून. आज त्या चार मानसांत घ्यावं लागलं. दोनदा घ्याया लावलं, ऐकू आलं न्हाई म्हनून.”

सोमेश्वर आतून बाहेर आला होता. बायकोच्या कानांकडं बघून त्यानं चहाचं नाव काढलं नाही. तो तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला. “मी ळच दाबला होता,” तो हळूच म्हणाला. “बोटाला सवय हाय. चुकनार न्हाई.”

रुद्राणी मशीनसमोर बसली. ळची कळ दाबली. पडद्यावर ल आला. पुन्हा दाबली, पुन्हा ल. दात-ओठ खात दाबत राहिली, नुसती लची रांग लागली. मग तिनं जुनी कागदपत्रं उघडून बघितली. सगळीकडं तोच प्रकार. परळीचं परली झालेलं, चौसाळ्याचं चौसाला, माळीवेशीचं मालीवेस. एका काळे वकिलांचे तर अख्ख्या पानभर काले झाले होते. तिच्या ध्यानात आलं की या अवस्थेत फाइल सेव्ह केली, तर जुना ळ कायमचा पुसला जाईल. तिनं काहीही न साठवता मशीन बंद केलं आणि वर फडकं टाकलं. “ह्याला कुनी हात लावायचा न्हाई,” ती म्हणाली. “मावशी, कागद ठिवून जावा. मी करून देते, अन् मी सोबत येते.”

तिथून ती पायी जालना रोडला गेली. ऊन मी म्हणत होतं. विजयसिंहाच्या केबिनला काच होती आणि आत एसी.

“या वहिनी, या. थंड मागवू?”

“थंड नको. आमचा ळ कुठं हाय?”

त्याला आधी उमगलंच नाही. उमगल्यावर तो खुर्चीत मागं रेलला. “तेवढंच व्हय? वहिनी, एका अक्षरासाठी एवढं उन्हात आलात? नव्या आवृत्तीत बघा, चौकटी आल्या, रंग आले...”

“भैय्या, रंग मी होळीला खेळते. ळ पायजे मला. जुनी आवृत्ती परत टाका.”

“जुनी कंपनीनं बंद केली. आमच्याकडच्या फ्लॉप्या परत मागवून घेतल्या. अन् ळ असा येतो तरी कितीदा?”

“तुमच्या मतदारसंघात निम्म्या गावांत येतो,” रुद्राणी म्हणाली. “मत मागायला जाताना ल म्हनून बघा.”

विजयसिंहाचं हसू मावळलं. पण त्यानं आवाज चढवला नाही. फोन फिरवला, दिल्लीला लावला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. पलीकडं कुणीतरी फार अदबीनं बोलत होता.

“मैडम, कौन-सा अक्षर नहीं आ रहा?”

“ळ.”

“ल? ल तो है मैडम.”

“ल नहीं. ळ.”

“जी, वही. ल.”

त्याच्या कानाला फरकच लागत नव्हता. तिनं जीभ टाळ्याला लावून, ओढून, ताणून पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. केबिनबाहेरची पोरं काचेतून बघत होती. शेवटी तो माणूस म्हणाला की अक्षरांचा तक्ता एकच ठेवलाय, हिंदीत हे अक्षर लागत नाही, आपण ल लिहा, समजणाऱ्याला समजेल. रुद्राणीनं रिसीव्हर ठेवला. ज्याला अक्षर ऐकूसुद्धा येत नाही, त्यानं ते आपल्या मशीनमधून काढून नेलं होतं, आणि वर ‘आप’ म्हणून बोलत होता. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, असं तिला वाटलं.

घरी तिनं जुन्या आवृत्तीच्या आपल्या तीन फ्लॉप्या शोधून काढल्या. दोन चालल्या. तिसरीवर मागच्या पावसाळ्यातली बुरशी बसली होती. यंत्र घरघरायचं, थांबायचं आणि इंग्रजीत विचारायचं, सोडून देऊ का, पुन्हा प्रयत्न करू का, फसलं म्हणू का? ती पुन्हा प्रयत्न करायला सांगत राहिली. मग तिनं एक चूक केली. पहिल्या दोन फ्लॉप्यांवरचं जे हाताला लागलं ते नव्याच्या डोक्यावर टाकून बघितलं. जुनं-नवं एकमेकांत अडकलं आणि प्रोग्राम उघडायचाच बंद झाला. ती डोक्याला हात लावून बसली. सोमेश्वर म्हणाला, “पाटोद्याच्या राधाकिशनकडं हेच हाय न्हवं? त्याच्याकडं धुमाळ गेला असंल का?”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती निघाली. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी मुंगीच्या पावलानं चढत होती आणि ही ड्रायव्हरच्या मागं बसून मनातल्या मनात गाडी ढकलत होती.

राधाकिशनचं झेरॉक्सचं दुकान पाटोद्याच्या बाजारातच होतं. ती पोचली तेव्हा दारात एजन्सीची मोटारसायकल उभी. आत धुमाळ फ्लॉपीचा डबा उघडत होता. राधाकिशन कौतुकानं बघत होता. मशीनसमोरची खुर्ची रिकामी दिसताच रुद्राणी सरळ जाऊन तिच्यावर बसली.

“राम राम राधाकिशनजी. ह्याला हात लावू देऊ नका.”

“अरे भाभी, तुम्ही इकडं कशा?”

“उठा ताई,” धुमाळ म्हणाला. “मला अजून शिरूरला जायचंय.”

“मी उठत न्हाई.”

“कंपनीची आर्डर हाय.”

“मशीन कुनाचं हाय? कंपनीचं, का ह्यांचं?”

राधाकिशन मधल्यामध्ये घाबरला. त्याला कुणाशीच वाकडं घ्यायचं नव्हतं, आणि विठ्ठलरावांच्या घराशी तर मुळीच नाही. तो म्हणाला, “भाभी, फुकट देऊन राहिलेत तर...”

“फुकट? काय देतेत अन् काय नेतेत ते तरी बघा.” ती धुमाळकडं वळली. “तुझं आडनाव काय रे?”

“म्हाईत हाय की तुमाला. धुमाळ.”

“ते एजन्सीत नव्या प्रोग्राममधी कधी टाइप करून बघितलंस?”

धुमाळ फ्लॉपीच्या डब्याशी चाळा करायला लागला. पोरगा वाईट नव्हता. त्यानं बघितलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मग म्हणाला, “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करनारेत म्हनं, ताई. मी तरी काय करू? मला जिथं धाडतेत तिथं जातो.”

“तुझा बाप काय म्हनंल, ते घरी जाऊन इचार. पोराचं आडनाव काय लावावं म्हनून.”

त्यानं फ्लॉप्या डब्यात घातल्या. मग डबा बंद केला आणि म्हणाला, “भैय्यांना सांगतो, दुकान बंद होतं.” मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज ऐकला तेव्हा कुठं रुद्राणीनं खुर्ची सोडली, आणि तीही राधाकिशननं कपाटातून त्याच्या तिन्ही जुन्या फ्लॉप्या काढल्यावरच. मग त्याच मशीनवर तिनं त्यांच्या नकला काढल्या. राधाकिशन पुन्हापुन्हा म्हणत होता, “माझं नाव कुठं घेऊ नका, भाभी.” त्या भित्रेपणाचीही तिला चीड आली. पण त्यानं फ्लॉप्या दिल्या होत्या, म्हणून ती काही बोलली नाही.

बीडला परतल्यावर तिनं मशीनवरचं फडकं काढलं. निळा पडदा, पिवळ्या चौकटी, आदल्या दिवशीची खिचडी, सगळं हुकूम देऊन पुसून टाकलं. पुसू का, असं यंत्रानं विचारलं तेव्हा होकाराची कळ तिनं अशी दाबली की सोमेश्वर दचकला. मग एकेक फ्लॉपी घालत जुनी आवृत्ती बसवली. या खेपेला घाई केली नाही. पहिली कळ ळची दाबली. पडद्यावर ळ आला, चांगला दोन गाठींचा, पुष्ट. सोमेश्वर म्हणाला, “आला बघ.” ती काही हसली नाही. आपल्याच घरात चोरी झालेली वस्तू सापडल्यावर हसायचं काय, असं तिला वाटलं.

भिवराबाईचं प्रतिज्ञापत्र तिनं स्वतः टाइप केलं आणि म्हातारीला घेऊन कचेरीत गेली. कारकुनानं कागद वाचला, शिक्का उचलला.

“आधी नाव वाचा,” रुद्राणी म्हणाली.

“वाचलं की.”

“मोठ्यानं वाचा. परवा ह्यांना नाव घ्याया लावलं न्हवं? आज तुमी वाचा.”

आजूबाजूचे वर बघायला लागले. “मयत म्हाळू,” कारकून पुटपुटला.

“ऐकू आलं न्हाई.”

“मयत म्हाळू! झालं? बाई, गंमत केली होती जरा. म्हाताऱ्या मानसाची...”

“गंमत?” तिचा आवाज कचेरीभर गेला. “घरातलं मानूस जाऊन तीन म्हैने झाले नसतेल, अन् दुसरा केला का म्हनून इचारता? तुमच्या आईला कुनी इचारलं तर ती गंमत होईल का? माफी मागा ह्यांची.”

त्यानं माफी मागितली नाही. शिक्का मारला, कागद पुढं सरकवला आणि दुसऱ्याच फायलीत डोकं घातलं. रुद्राणी टेबलाला हात लावून उभीच होती. भिवराबाईनं तिचा दंड धरला. “चल बाय. झालं न्हवं काम.” काम झालं होतं, पुढं जमिनीवर तिचं नावही लागलं. पण रुद्राणीच्या लेखी ते अर्धंच झालं होतं. त्या टेबलावरून परतताना तिचे डोळे भरले, आणि डोळे भरल्याचाही तिला राग आला.

विजयसिंहानं निरोप धाडला की जुनी आवृत्ती ठेवणाऱ्याला एजन्सीची सर्व्हिस मिळणार नाही. रुद्राणीनं उलट निरोप धाडला की सर्व्हिसच्या नावाखाली तुम्ही काय करता ते बघितलं. त्यानंतर ती आपण होऊन परळीला गेली, माजलगावला गेली, जिथं जिथं ‘वर्णमेघ’ होता तिथं तिथं. ‘जुनं बसवून देते,’ म्हणाली. काहींनी बसवून घेतलं. पण बऱ्याच जणांनी हात झटकले. लग्नपत्रिका छापणारा एक जण म्हणाला, “पत्रिका कोन वाचतंय वहिनी? जेवायला येतेत लोकं.” दुसरा म्हणाला, चालून जातंय. विजयसिंहावरचा राग तिला पेलत होता. या ‘चालून जातंय’चं काय करावं ते तिला कळेना. ज्यांचं अक्षर गेलं त्यांनाच त्याचं काही वाटत नाही म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? घरी येऊन ती सोमेश्वरवरच ओरडायची. तो ऐकून घ्यायचा.

वर्ष-दीड वर्षानं एजन्सीचं रंगीत पत्रक आलं. वर मोठ्या अक्षरांत छापलेलं, ‘महाराष्ट्रासाठी खास! आता “ळ”च्या सोयीसह!’ खाली नव्या आवृत्तीची किंमत. या वेळी फुकट नव्हती.

पत्रक सोमेश्वरनं लपवून ठेवलं होतं, पण तिला सापडलंच. तिनं ते दोनदा वाचलं. ओरडली नाही. पाळ्याच काय, सगळा चेहरा लाल झाला होता. “आमचंच,” एवढंच म्हणाली. “आमचंच नेलं, अन् आमालाच इकायलेत.”

सोमेश्वरनं धीर करून खरं ते सांगितलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मोडायला आला होता, नवा प्रिंटर जुन्या आवृत्तीवर चालत नव्हता, आणि समोरच्या दुकानात नवा प्रिंटर आल्यापासून वकील तिकडं जायला लागले होते. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “घ्या. पर हात मी लावनार.”

धुमाळ फ्लॉप्या घेऊन एसटीनं आला तेव्हा तिनं त्याला मशीनच्या जवळसुद्धा येऊ दिलं नाही. दारातच स्टूल दिलं. जुन्या आवृत्तीची आणि सगळ्या कागदपत्रांची नक्कल आधीच काढून ठेवली होती. नवी तिनं वेगळ्या जागी बसवली, जुन्याला धक्का न लावता, एकेक हुकूम स्वतः देत. नवी आवृत्ती नीट बसली. मग तिनं टाइप करायला सुरुवात केली. परळी. चौसाळा. नाळवंडी. पिंपळनेर. जोडाक्षरात, ओळीच्या सुरुवातीला, शेवटी, छापून, पुन्हा उघडून.

“ताई, आला न्हवं ळ? आता पावतीवर सही द्या,” धुमाळ म्हणाला.

“थांब.”

“माझी गेवराईची बस जाईल.”

“जाऊ दे,” रुद्राणी म्हणाली, आणि पुढच्या गावाचं नाव टाइप करायला घेतलं.